चॅटनूगा नगरीचे वीज मंडळ व श्री. हॅरॉल्ड डीप्रीस्ट

ह्या स्मरणिकेत आजवर बहुधा आपल्याच ज्ञातीतील कर्तृत्ववान पुरुषांची चरित्रे येत आली, आणि ते योग्यच होय. तथापि परक्या मुलखातील एखाद्या नगरीने आपला विस्कटलेला संसार कसा सावरला, हेही ज्ञातिबांधवांच्या घरांतील तरुण मंडळींनी वाचावे, असे आम्हांस वाटते. म्हणून यंदा अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील चॅटनूगा नगरीचा व तेथील वीज मंडळाची धुरा वीस वर्षे वाहणारे श्री. हॅरॉल्ड डीप्रीस्ट यांचा वृत्तान्त वाचकांपुढे ठेवीत आहोत.

टेनेसी नदीच्या वळणावर, डोंगरांच्या कुशीत हे गाव वसले आहे. रेल्वेचे नाके आणि लोखंडाच्या ओतशाळा यांच्यावर त्याची भरभराट झाली. पण डोंगरांमुळे कारखान्यांचा धूर खोऱ्यात कोंडून राही. 1969 साली वॉल्टर क्रॉन्काइट या विख्यात वृत्तनिवेदकाने, देशातील सर्वांत घाणेरडी हवा चॅटनूग्याची, ही सरकारी पाहणीतील गोष्ट दूरचित्रवाणीवरून साऱ्या अमेरिकेला ऐकविली. पुढे हवा निवळली, पण कारखानेही एकामागून एक बंद पडले. 1980 ते 1990 या दशकात सुमारे दशांश लोकवस्ती गाव सोडून गेली. मध्यवर्ती पेठेत संध्याकाळनंतर चिटपाखरू फिरकेना.

अशा वेळी गावकऱ्यांनी प्रथम केले ते इतकेच, की सर्वांनी एकत्र बसून आपणांस काय हवे ते ठरविले. 1984 साली भरलेल्या सभांतून सुमारे सतराशे नागरिकांनी भाग घेतला व गावापुढे चाळीस उद्दिष्टे ठेवली. त्यांतून नदीकाठचे मत्स्यालय 1992 साली उभे राहिले. मोडकळीस आल्यामुळे 1978 साली वाहनांना बंद केलेला, एकोणिसाव्या शतकातील वॉलनट स्ट्रीटचा पूल पाडून टाकण्याचा विचार चालला होता. तो वाचवून 1993 साली केवळ पायी चालणाऱ्यांसाठी खुला करण्यात आला. ह्याच पुलावर 1906 साली एड जॉन्सन या निरपराध कृष्णवर्णीय तरुणाला जमावाने फासावर लटकाविले होते. गावाने 2021 साली तेथे त्याचे स्मारक केले. गावाच्या गौरवासाठी गावाचा इतिहास झाकून ठेवावयाचा नसतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

आता वीज मंडळाकडे वळू. मुंबईत बेस्टचा कारभार 1947 साली महापालिकेच्या हाती आला, हे वाचकांस ठाऊक आहेच. चॅटनूग्याचे वीज मंडळ 1935 साली स्थापन झाले. खाजगी वीज कंपन्यांनी कोर्टकचेऱ्या केल्या. वीज विकणे हे सरकारचे काम नव्हे, हा त्यांचा मुद्दा. अखेर 1939 साली त्यांचा दावा सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाला, कंपनीची मालमत्ता विकत घेण्यात आली, आणि गावची वीज गावच्या मालकीची झाली.

डीप्रीस्ट ह्या मंडळात 1971 साली नोकरीस लागले. एकाच संस्थेत पायरीपायरीने चढत ते 1996 साली तिचे प्रमुख झाले. नोकरी बदलण्यालाच कर्तबगारी समजणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. त्यांच्यापुढील प्रश्न मुळात विजेचाच होता. वादळात झाड पडून तार तुटली, तर बिघाड नेमका कोठे आहे हे शोधीत माणसे अंधारात हिंडत. तारांवर आपोआप उघडझाप करणारी कळ बसविली, तर बिघडलेला तुकडा तेवढा अलग करून इतरांस दुसऱ्या बाजूने वीज देता येते. मात्र अशा हजाराहून अधिक कळांना परस्परांशी बोलता यावयास हवे. त्यासाठी काचतंतूंचे, म्हणजे फायबरचे, जाळे हवे. आणि जाळे घरोघर न्यावयाचेच, तर त्यावरून दूरध्वनी, दूरचित्रवाणी व इंटरनेट का देऊ नये? व्यापाऱ्यांना अशी सेवा मंडळ सुमारे 2000 सालापासून देतच होते.

यावर 1935 सालचेच भांडण नव्या वेषात उभे राहिले. कॉमकास्ट कंपनी व केबल कंपन्यांची संघटना न्यायालयात गेल्या. वीजग्राहकांचा पैसा आमच्याशी स्पर्धा करण्यास वापरला जाईल, असा त्यांचा आक्षेप. हा आक्षेप अगदीच पोकळ होता असे आम्ही म्हणणार नाही. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागितलाच पाहिजे, आणि कायद्यानेही दोन्ही खात्यांचे हिशेब वेगळे ठेवणे मंडळास भाग होते. दावे टिकले नाहीत. 2008 साली सुमारे बावीस कोटी डॉलरचे कर्जरोखे काढण्यात आले. 2009 साली केंद्र सरकारने वीजजाळ्याच्या सुधारणेसाठी 11 कोटी 15 लाख डॉलरचे अनुदान दिले, त्यामुळे काम पुष्कळच लवकर झाले. सप्टेंबर 2010 मध्ये मंडळाने सेकंदाला एक गिगाबिट वेगाची सेवा आपल्या साऱ्या हद्दीत, म्हणजे सुमारे सहाशे चौरस मैलांत, देऊ केली. खेड्यातील झोपडीवजा घर आणि पेठेतील कचेरी यांच्यात भेद केला नाही. दर मात्र आरंभी महिना 350 डॉलर होता, तो सामान्यास परवडणारा नव्हेच. पुढे तो सत्तरच्या आसपास उतरला.

फायबरमुळे गाव पुन्हा वसले, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. आमच्या मते हा क्रम उलटा आहे. पूल, नदीकाठ व पेठ आधी माणसांत आली होती; राहण्याजोगे गाव होते म्हणूनच वेगवान तारेचा उपयोग करणारे तरुण तेथे टिकले. 2015 साली पेठेच्या मध्यभागी नवउद्योगांसाठी खास विभाग आखण्यात आला, तो ह्या दोन्ही कामांच्या संगमावर.

शेजारच्या खेड्यांनीही जोडणी मागितली. पण राज्याच्या कायद्याने मंडळास आपल्या वीजपुरवठ्याच्या हद्दीबाहेर इंटरनेट देण्यास मनाई होती. 2015 साली केंद्रीय दळणवळण आयोगाने ही आडकाठी दूर केली, परंतु 2016 च्या ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने आयोगाचा निर्णय रद्द ठरविला. त्याच वर्षी डीप्रीस्ट निवृत्त झाले. 2020 साली महामारीने शाळा बंद पडल्या, तेव्हा हद्दीतील सुमारे अठ्ठावीस हजार गरजू विद्यार्थ्यांच्या घरी विनामूल्य जोडणी देण्याची योजना मंडळ, जिल्हा शाळाखाते व दानशूर मंडळी यांनी मिळून जाहीर केली. मुदत दहा वर्षांची ठेविली.