फेहू

फेहू : प्राचीन जर्मानिक लोकांच्या रून लिपीतील पहिल्या अक्षराचे नाव. अर्थ ‘गुरेढोरे’ व ‘संपत्ती’. उभा दंड आणि त्याच्या उजवीकडे वर तिरप्या जाणाऱ्या दोन रेषा असे त्याचे रूप आहे. स्वीडनमधील गॉटलंड बेटावर किल्व्हर येथे सापडलेल्या, सु. इ. स. ४०० मधील शिलेवर २४ रूनांची माला कोरलेली आहे. आरंभीच्या सहा ध्वनींवरून या मालेस ‘फुथार्क’ म्हणतात.

ज्या शब्दाच्या आरंभी विशिष्ट ध्वनी येतो, तोच शब्द बहुतेक रूनांचे नाव असतो. मराठी अंकलिपीतील ‘क कमळाचा’ ही रीत याच जातीची आहे. मात्र तेथे कमळ हे केवळ उदाहरण असते, येथे शब्द हेच नाव ठरते. ‘फेहू’ हे रूप अक्षरनाम म्हणून कोठेही लिहिलेले आढळत नाही. जुन्या इंग्रजीतील ‘फेओह’, जुन्या नॉर्समधील ‘फे’ इ. नावांवरून भाषाशास्त्रज्ञांनी ते सिद्ध केले आहे. मध्ययुगीन रूनकाव्यांत या अक्षराचा अर्थ संपत्ती असाच घेतलेला असून, ती आप्तांत कलह माजविते, असे नॉर्वेजियन काव्य सांगते.

संस्कृत ‘पशु’ व लॅटिन ‘पेकू’ हे फेहूचे सगोत्र शब्द होत. जर्मानिक भाषांत मूळ ‘प’चा ‘फ’ व ‘क’चा ‘ह’ झाला. लॅटिनमध्ये ‘पेकू’ म्हणजे गुरे, तर त्यापासून झालेला ‘पेकूनिया’ म्हणजे पैसा. यावरून गुरे हा मूळ अर्थ व धन हा नंतरचा, असे सामान्यतः मानले जाते. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमील बेंव्हेनिस्त यांनी मात्र १९६९ मध्ये याच्या उलट मत मांडले : मूळ अर्थ जंगम मालमत्ता हा असून गुरे हा त्याचा संकोच होय.

अर्थांचा क्रम कोणताही असो, त्यांची जोडी टिकून आहे. जर्मन ‘फी’ हा शब्द गुरांपुरता उरला. आइसलँडिक ‘फे’ मात्र मेंढरे व पैसा या दोन्ही अर्थी चालतो. महाराष्ट्रात गाईगुरांच्या रक्षणार्थ पडलेल्या वीरांचे वीरगळ अनेक गावी आढळतात आणि ‘गोधन’, ‘पशुधन’ हे शब्द रूढ आहेत. पुणे जिल्ह्यातील चाकण मोटारनिर्मितीचे केंद्र झाले, तरी तेथील गुरांचा आठवडे बाजार प्रसिद्धच आहे. फेहूच्या नावातील दोन्ही अर्थ अशा बाजारात एकत्र आढळतात.