चाचा, पेंढारी आणि सरखेल

वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर नावाचा तालुका आहे. समुद्र मात्र शेकडो कोस लांब. इकडे 'चाचा' म्हटलं की मोहल्ल्यातले वडीलधारे गृहस्थच आठवतात. त्यामुळे शाळेच्या पुस्तकात 'समुद्री चाचे' पहिल्यांदा वाचणारं पोर हमखास अडखळतं.

शब्द दोन आहेत. नात्यातला चाचा हिंदी-उर्दूतून आला. दर्यावरच्याचं जुनं रूप 'चांचा', गुजरातीत 'चांचियो'. सौराष्ट्रात राजुल्याजवळ चांच नावाचं बंदर आहे. तिथल्या लुटारूंवरून हा शब्द निघाला, असं मानणारे पुष्कळ आहेत.

आमच्याकडचा लुटारू घोड्यावरून यायचा. तो पेंढारी. त्याच्या भयानं वऱ्हाड-नागपूरच्या गावांनी मातीच्या गढ्या उभारल्या. या शब्दाचं मूळ कुणी 'पेंढा'त शोधतं, तर ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कमनं ते 'पिंडा' नावाच्या मादक पेयात असल्याचं नोंदवलं. दोन्ही वाटा मला कच्च्या वाटतात.

आता पुन्हा दर्याकडे वळू. मनोहर माळगावकर इंग्रजीतले नामवंत कादंबरीकार. 'डिस्टंट ड्रम' ही त्यांची पहिली कादंबरी 1960ची. तिच्या आदल्याच वर्षी त्यांचं कान्होजी आंग्र्यांवरचं पुस्तक आलं होतं. ते चरित्र आहे, पण कादंबरीकाराच्या हातचं. पु. ल. देशपांड्यांनी ते मराठीत आणलं. इंग्रजांच्या दप्तरात 'पायरेट' ठरलेल्या माणसाला त्यात दर्याचा सेनापती म्हणून उभं केलं आहे.

1712 साली कान्होजींनी मुंबईच्या गव्हर्नराचं सशस्त्र जहाज कारवारच्या वाटेवर पकडलं. कारवारच्या वखारीचा नवा प्रमुख चाउन त्या चकमकीत मेला, त्याची बायको कैद झाली. पुढच्या वर्षी 30,000 रुपये खंडणी घेऊन आणि तह करूनच तिला सोडलं. इंग्रजांना ही चाचेगिरी वाटली. पण कान्होजींचा दंडक साधा होता: या पाण्यातून व्यापार करायचा तर आंग्र्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, घ्यायचा. इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी स्वतः मुंबईत दस्तकं देत होती, फक्त दुसऱ्याचं घ्यायला तयार नव्हती. वाद हक्काचा होता. दस्तक देणारा, तह करणारा आणि छत्रपतींच्या आरमाराची जबाबदारी वाहणारा माणूस पेंढाऱ्याच्या पंगतीत कसा बसेल? पेंढाऱ्याकडे ना दस्तक, ना तहाचा कागद.

कान्होजींची पदवी 'सरखेल'. फारसी 'सर' म्हणजे डोकं, प्रमुख. अरबी 'खैल' म्हणजे घोडे, घोडदळ. आरमाराच्या प्रमुखाला मिळालेला हा शब्द मुळात स्वारांच्या टोळीच्या नायकाचा. घोड्यावर वाढलेल्या राज्यानं समुद्रावर पाऊल टाकताना जमिनीवरचीच भाषा सोबत नेली. हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. समुद्र न पाहिलेल्या वर्ध्याच्या मुलालाही तो घोड्याच्या वाटेनं समजावता येतो.

1721 साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कान्होजींच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले आणि हात हलवत परतले. 1729 साली कान्होजी वारले, तेव्हाही ते सरखेलच होते. इंग्रजी 'पायरेट'चा तर्जुमा म्हणून 'चाचा' शब्दकोशात खुशाल राहू द्या. पण शिक्षकांनो, वर्गात कान्होजींचा धडा आला की फळ्यावर 'सरखेल' लिहा, आणि त्यातला घोडा मुलांना दाखवा.