‘श्रॉफ’ आणि ‘सराफ’ : एका शब्दाची दोन रूपे

जबलपूरच्या सराफ्यात सोन्याचांदीच्या दागिन्यांची दुकाने आहेत आणि ‘सराफ’ म्हणताच आजच्या मराठी वाचकासमोर दागिन्यांचा व्यापारीच उभा राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजी कागदपत्रांतील ‘श्रॉफ’ मात्र नाणी पारखणारा, ती बदलून देणारा, हुंडीचा व्यवहार करणारा पेढीवाला आहे.

दोन्ही रूपांचे मूळ अरबी ‘सर्राफ’ हेच. त्यामागील धातूचा अर्थ ‘फिरवणे, बदलणे’ असा आहे. मराठीत तो फारसीद्वारे आला, तर इंग्रजीत पूर्वेकडील व्यापारातून रुजला. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ मधील ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात ‘श्रॉफ’ची स्वतंत्र नोंद आहे.

१८१७ च्या अखेरीस जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्या काळी निरनिराळ्या टांकसाळींची नाणी एकाच बाजारात चालत. त्यांचे वजन आणि कस पाहून बट्टा ठरवणे, हे सराफाचे काम होते. १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया प्रमाण ठरला आणि बट्ट्याच्या व्यवसायाचा पायाच डळमळला. पुढे बँकांच्या विस्ताराने हुंडीही मागे पडली. नाण्यांचा व्यवहार सुटला, धातूची पारख तेवढी उरली. ‘सराफ’चा आजचा अर्थ तिच्याभोवती स्थिरावला.

चीनच्या बंदरांत याच शब्दाला वेगळे वळण मिळाले. तेथे पेढ्यांत आलेले चांदीचे डॉलर तपासणाऱ्या जाणकारास ‘श्रॉफ’ म्हणत. त्यावरून इंग्रजीत नाणी पारखणे या अर्थाचे क्रियापदही घडले. हाँगकाँगमध्ये आज वाहनतळावरील पैसे भरण्याच्या खिडकीवर हाच शब्द दिसतो. म्हणजे जबलपुरात कसोटी राहिली आणि गल्ला गेला. हाँगकाँगमध्ये गल्ला राहिला, कसोटी गेली.

म्हणूनच ‘श्रॉफ’ला ‘सराफ’चा अपभ्रंश म्हणून बाजूला सारणे अपुरे ठरते. जुन्या इंग्रजी कागदांचे भाषांतर करताना ‘श्रॉफ’साठी ‘सराफ’ हा प्रतिशब्द व्युत्पत्तीच्या दृष्टीने अचूक, पण अर्थाच्या दृष्टीने फसवा असतो. राज्यकर्त्यांना कर्ज देणारा पेढीवाला त्यामुळे वाचकाला दागिन्यांचा दुकानदार वाटू लागतो, आणि त्याच्यासोबत एक संपूर्ण अर्थव्यवस्था नजरेआड होते. अशा ठिकाणी ‘नाणेपारखी’ किंवा ‘पेढीवाला’ हे शब्द मूळ उच्चारापासून दूर असले, तरी इतिहासाशी अधिक प्रामाणिक राहतात.