सणाचे ताट आणि वजडी

वैनगंगेच्या काठी वसलेली पवनी इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे, ती १९६९-७० च्या उत्खननात सापडलेल्या बौद्ध स्तूपावशेषांमुळे. हे गाव कोष्टी विणकरांचेही आहे. याच समाजाच्या नागपुरातील वस्त्यांतून सावजी खाणावळी नावारूपास आल्या. तेथील झणझणीत रश्शात मटणाबरोबर मुंडी, खूर, कलेजी आणि वजडीलाही मान आहे. मागावर राबणाऱ्या घरांना बकऱ्याचा कोणताही भाग टाकून देणे परवडणारे नव्हते.

असा मान सर्वांच्या वाट्याला आला नाही. गावकुसाबाहेर पिढ्यान्‌पिढ्या शिजलेली वजडी व रक्ती हिणवली गेली. मराठवाड्यातील महार व मांग समाजांचे हे अन्न शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या ग्रंथात आदराने नोंदविले.

आता आपले नाताळचे ताट पाहू. सोरपोतेल पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आले. डुकराचे मांस, यकृत व हृदय उकडून, बारीक चिरून परततात आणि मसाला व माडाच्या ताडीच्या शिरक्यात शिजवतात; जुन्या रीतीत रक्तही घालतात. दोन-तीन दिवस मुरल्यावर त्याची चव वाढते.

जिन्नस जवळजवळ तेच आहेत. परंतु एका ताटात ते सणाचे ठरले, दुसऱ्यात लाजेचे. हा निवाडा जिभेने केलेला नाही, जातीने केला आहे. सान्नांबरोबर सोरपोतेल वाढणाऱ्या आपल्या घरांना शेजारच्या चुलीवरील वजडीला नाक मुरडण्याचा अधिकार उरत नाही.