शंका विचारण्याचीही एक रीत

संगणकाचा प्रोग्रॅम लिहिताना अडलेला नवशिका आणि त्याची अडचण सोडवून देणारा अनोळखी जाणकार यांची गाठ संगणकांच्या जाळ्यावर गेली चार दशके पडत आली आहे. जाणकार मोबदला घेत नाही, विचारणाऱ्याचे नावगावही पुसत नाही. प्रश्न नीट मांडलेला असावा, एवढीच त्याची अपेक्षा असते. 'नीट' म्हणजे कसा, याचे लेखी नियम या काळात तयार झाले. नवख्याला ते सुरुवातीला खडूस वाटतात. प्रत्यक्षात त्यांतील बहुतेक नियम प्रोग्रॅममधील दोष हुडकण्याच्या पद्धतीचे आहेत. पण हे उमगेपर्यंत अनेकांचा पहिला प्रश्न अनुत्तरित राहतो किंवा बंद केला जातो.

या नियमांचे मूळ १९८० मध्ये सुरू झालेल्या 'यूजनेट' या चर्चाव्यवस्थेत आहे. दर सप्टेंबरात अमेरिकी विद्यापीठांतील नवे विद्यार्थी तिथे येत, तेच ते प्रश्न विचारत आणि हळूहळू तिथली रीत शिकून घेत. १९९३ नंतर व्यावसायिक सेवांच्या ग्राहकांचा ओघ सुरू झाला तो थांबलाच नाही; जुन्या मंडळींनी त्याला 'न संपणारा सप्टेंबर' असे नाव दिले. पुनरावृत्तीवर उपाय म्हणून स्टीव्ह समिट यांनी सी भाषेविषयी नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरांसह यादी १९९० मध्ये तयार केली. 'पुटी' या प्रोग्रॅमचे कर्ते सायमन टॅथम यांनी १९९९ मध्ये दोष कसा कळवावा यावर लेख लिहिला. २००१ मध्ये एरिक रेमंड व रिक मोएन यांचे प्रश्न विचारण्याच्या रीतीवरील टिपण आले. अनेक संकेतस्थळांनी त्याचा दुवा दिला आणि वाचणारे आपली अडचण थेट या दोघांनाच कळवू लागले. आम्ही तुमचे मदत केंद्र नाही, अशी सूचना त्यांना टिपणाच्या आरंभीच द्यावी लागली. नियम न वाचता प्रश्न विचारण्याचा याहून चोख नमुना सापडणे कठीण.

सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की दोष दाखवणारा लहानात लहान, पण चालवून पाहता येईल असा पूर्ण कोड द्यावा. समजा, एका विद्यार्थ्याने ग्रंथालयाच्या नोंदींचा तीनशे ओळींचा प्रोग्रॅम सी भाषेत लिहिला आहे. तो सभासदाचे वय विचारतो, मग नाव. पण वय टंकून 'एंटर' दाबताच नावाची पायरी आपोआप ओलांडली जाते. 'प्रोग्रॅम चालत नाही, कृपया मदत करा' असे लिहून त्याने तीनशे ओळी चिकटवल्या, तर बहुतेक जाणकार पुढच्या प्रश्नाकडे वळतील. तेच त्याने दंड, परतीची तारीख, फाइलमधील साठवण असे एकेक अंग काढून टाकले आणि दर वेळी प्रोग्रॅम पुन्हा चालवून पाहिला, तर शेवटी दहाएक ओळी उरतात. वय वाचणारे 'स्कॅनएफ' आणि नाव वाचणारे 'एफगेट्स', बस्स. दोष अजूनही तिथेच असतो. 'स्कॅनएफ' आकडा उचलते, पण त्यामागून दाबलेल्या 'एंटर'चे चिन्ह तसेच मागे ठेवते. 'एफगेट्स' तेवढेच उचलते आणि ओळ संपली असे समजून मोकळे होते. इतका आटोपशीर कोड पाहिल्यावर जाणकाराला उत्तर द्यायला वेळ लागत नाही. पुष्कळदा तर छाटणी चालू असतानाच विचारणाऱ्याला चूक दिसते आणि प्रश्न पाठवण्याची वेळच येत नाही. अँड्र्यू हंट व डेव्हिड थॉमस यांच्या 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर' या १९९९ च्या पुस्तकात टेबलावरच्या रबरी बदकाला कोड समजावून सांगण्याची युक्ती आहे, तिचे मर्मही हेच.

बाकीचे नियम थोडक्यात सांगता येतील. त्रुटीचा संदेश आपल्या शब्दांत न सांगता जसाच्या तसा द्यावा. काय घडायला हवे होते आणि काय घडले, हे दोन्ही लिहावे. कोडचे छायाचित्र पाठवू नये. ते चालवून पाहता येत नाही आणि अंध वाचकांच्या वाचन-प्रणालीलाही त्याचा उपयोग होत नाही. पासवर्ड आधी काढून टाकावेत. एकदा जाहीर झालेला पासवर्ड मागाहून खोडून भागत नाही, तो बदलावाच लागतो. मूळ हेतू सांगणे तर अत्यावश्यक. तारखेतून दिवस, महिना, वर्ष वेगळे कसे काढावे, असे कोणी विचारतो; त्याला खरे तर पुस्तक किती दिवस उशिरा परत आले हे मोजायचे असते. त्यासाठी भाषेत बहुधा तयार सोय असते, पण हेतूच न कळल्याने तो लीप वर्षांचा हिशेब हाताने करत बसतो.

भारतीय विद्यार्थ्यांपुढे आणखी दोन अडचणी उभ्या राहतात. 'टर्बो सी' १९८७ मधले. आपल्याकडील अनेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत ते पुढे कितीतरी वर्षे टिकून राहिले. त्यातील पडदा कोरा करणारी आज्ञा सी भाषेच्या प्रमाणित रूपात नाहीच. त्यामुळे विद्यार्थ्याकडे चालणारा कोड जाणकाराकडे चालत नाही. कोणते साधन, कोणती आवृत्ती, हे सांगण्याचा आग्रह त्यासाठीच.

दुसरी अडचण भाषेची. आपण गुरुजींना शंका विचारतो आणि तीच शंका इंग्रजीत 'डाउट' होऊन उतरते. इंग्रजी मातृभाषा असलेल्या वाचकाला त्यात अविश्वासाचा सूर ऐकू येतो. 'सर' असा आरंभ आणि शेवटी आगाऊ आभार, ही आपल्याकडची नम्रता. जेफ अ‍ॅटवूड व जोएल स्पोल्स्की यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या 'स्टॅक ओव्हरफ्लो' या संकेतस्थळावर मात्र प्रश्न पुढच्या वाचकांसाठी जपला जातो, म्हणून असे शब्द संपादनात गाळले जातात. विद्यार्थ्याला हा अपमान वाटतो. तसा हेतू नसतो, पण हे त्याला समजावून सांगायला कोणी थांबतही नाही. नियम रास्त आणि सुनावण्याची तऱ्हा वाईट, असे तेथे वर्षानुवर्षे चालले. नवशिके, स्त्रिया आणि उपेक्षित गटांतील अनेकांना ही जागा परकी वाटते, अशी कबुली संकेतस्थळाने एप्रिल २०१८ मध्ये स्वतःच दिली आणि त्याच वर्षी नवी आचारसंहिता आणली.

नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' आले. त्याने लिहिलेली उत्तरे देण्यास 'स्टॅक ओव्हरफ्लो'ने डिसेंबरातच बंदी घातली. प्रश्न मात्र यंत्राकडे वळू लागले. यंत्र कोणाला फटकारत नाही, ही नवख्याची मोठी सोय. पण अर्धवट प्रश्नालाही ते ठामपणे चुकीचे उत्तर देऊ शकते, आणि 'आधी पूर्ण कोड दाखवा' असे बजावणारा जाणकार तिथे नसतो.

माणसांना विचारलेल्या प्रश्नाबाबत एक नियम सर्वांत जास्त मोडला जातो. अडचण सुटल्यावर ती कशाने सुटली, हे त्याच जागी लिहून ठेवायचे असते. कित्येक जण 'सुटला प्रश्न, धन्यवाद' एवढेच लिहून निघून जातात. काही वर्षांनी तोच त्रुटीसंदेश शोधत कोणी तिथे पोहोचतो, तेव्हा त्याच्या हाती फक्त ते धन्यवाद लागतात.