तांब्या, शिधा आणि घाटाचा राखणदार

धुळ्याहून आग्रा रोडने उत्तरेला निघाले की वीसेक किलोमीटरवर सोनगीरचा किल्ला दिसतो. बुटका डोंगर, ढासळलेला तट, आत खोल विहीर. दुर्गम म्हणावा असा हा गड नव्हे, पण मुंबई-आग्रा वाटेवर नजर ठेवायला जागा नेमकी. पुढे नरडाणा, शिरपूरजवळ तापी, मग पळासनेर आणि सातपुड्याचा घाट चढून सेंधवा. रेल्वे येण्याआधी हे रान पायी किंवा बैलगाडीने ओलांडायचे, तर सगळे बिऱ्हाड पाठीवर लागे.

त्यातले भांडे सोनगीरला मिळे. इथल्या तांब्या-पितळेच्या कामाची दखल 1880च्या खानदेश गॅझेटिअरनेही घेतली आहे. तांबट पत्रा तापवतो, ठोकतो. ठोकून तो ताठर झाला की पुन्हा भट्टीत घालतो. असा घडवलेला तांब्या दोराला बांधून विहिरीत सोडला की पाण्यासाठी कुणाचे तोंड पाहावे लागत नसे. अर्थात ही सोय सगळ्यांना नव्हती. ज्यांना विहिरीच्या काठावर पायच ठेवू देत नसत, त्यांच्या हातात दोर असून काय उपयोग? आणि सोवळे पाळणारा स्वतःची भांडी वाहून नेई, ती काही नुसत्या स्वावलंबनाच्या हौसेने नव्हे.

पहिले एक-दोन दिवस दुधात मळलेल्या दशम्यांवर निघत. मग पीठ, डाळ, मीठ, तिखट. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात बट्टी भाजली तर तवाही नको. पितळी पातेल्याला कल्हई मात्र हवीच, नाहीतर आंबट वरण कळकलेच म्हणून समजा.

एवढे जमवूनही घाट एकट्याच्या बळावर पार होत नसे. वाटा भिल्ल नाईकांच्या ओळखीच्या, राखणही त्यांचीच. 1818मध्ये खानदेश घेतल्यावर इंग्रजांनाही ते मान्य करावे लागले; 1825मध्ये जेम्स औट्रमने भिल्लांचीच पलटण उभारायला घेतली. सेंधवा घाटाच्या राखणीवर खाज्या नाईक होते. पुढे त्यांची नोकरी गेली, तुरुंगवास झाला. 1857मध्ये याच वाटेवर त्यांनी सुमारे 7 लाखांचा सरकारी खजिना लुटला. 11 एप्रिल 1858 रोजी अंबापाणीला इंग्रजी फौजेशी मोठी लढाई झाली. ज्याच्या भरवशावर रस्ता चालत होता, त्यालाच दुखावण्याची किंमत सरकारने मोजली.

1870मध्ये मुंबई-कोलकाता लोहमार्ग जोडला गेला. उत्तरेचा प्रवासी भुसावळ-बऱ्हाणपूरकडून जाऊ लागला आणि लोटा-दोर घेऊन घाट चढणारे विरळ झाले. सोनगीरच्या तांबटांना हंडे-घागरींचे गिऱ्हाईक मात्र उरले.

सातपुड्याच्या रानाचे काही तुकडे आता अभयारण्ये आहेत: यावल 1969पासून, शिरपूर तालुक्यातले अनेर धरण 1986पासून. तिथे आत जायचे तर आधी वन खात्याची परवानगी काढावी लागते, पाणी-शिधा बरोबर न्यावा लागतो, आणि वाट दाखवायला बहुधा जवळच्या पाड्यावरचा पावरा, बारेला किंवा तडवी माणूसच सोबत येतो.