वक्रपाद (गर्भावस्थेत आढळलेला)

जन्मतः पाऊल घोट्यापासून आत व खाली वळलेले असणे. रूढ नाव क्लबफूट. बोलण्यात ‘पाय वाकडा’. जगात साधारण हजार जन्मांमागे एका बाळात आढळतो. मुलग्यांत प्रमाण मुलींच्या सुमारे दुप्पट असते आणि जवळपास निम्म्या बाळांचे दोन्ही पाय वळलेले असतात. येथील विवेचन जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या संदर्भात आहे.

निदान : बहुधा १८ ते २२ आठवड्यांच्या सोनोग्राफीत. एरवी पडद्यावर नडगीची दोन्ही हाडे लांबीने दिसत असली की त्याच चित्रात तळवा दिसत नाही. वक्रपादात हाडे आणि बोटांसकट अख्खा तळवा एकाच चौकटीत येतो. बाळाने पाय दुमडून ठेवला असला किंवा गर्भजल कमी असले तरी तसा भास होतो, म्हणून तपासणी पुन्हा करतात. काही बाळे सरळ पाय घेऊनच जन्मतात. पाय किती ताठर आहे हे चित्रावरून सांगता येत नाही. खरा प्रश्न पायाचा नसून बाकीच्या शरीराचा असतो : मणका, मेंदू, हृदय व हात नीट दिसले तर तो ‘एकटा’ वक्रपाद समजावा, आणि त्याचे भवितव्य चांगले असते.

कायदा : गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. २४ आठवड्यांनंतर गर्भातील गंभीर व्यंगासाठी वैद्यकीय मंडळाची परवानगी लागते. एकटा वक्रपाद त्या व्याख्येत बसावा का, याबद्दल मतभेद आहेत. गर्भलिंग सांगण्यास १९९४ च्या कायद्याने बंदी आहे. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे ८४२ मुली नोंदलेल्या जळगाव जिल्ह्यात हे वेगळे सांगायला नको. पाय वाकडा म्हणजे मुलगाच, असा तर्कही फोल. अशा तीन बाळांत एक मुलगी असते.

उपचार : गर्भात काही करता येत नाही व करावे लागत नाही. आज सर्वमान्य असलेली पद्धत अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात इग्नासिओ पॉनसेटी (१९१४–२००९) यांनी १९५० च्या सुमारास बसवली. जगाने ती उचलायला चाळीसेक वर्षे घेतली. तोवर मोठी शस्त्रक्रिया हाच मार्ग मानला जाई. त्या शस्त्रक्रियेने पाय सरळ दिसे, पण तरुणपणी ताठर व दुखरा होई.

जन्मानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत सुरुवात करतात. पहिल्या प्लास्टरात अंगठ्याकडची बाजू वर उचलून तळव्याची खोल कमान मोडतात. पुढच्या प्रत्येक वेळी घोट्यातील टॅलस या हाडाच्या डोक्यावर अंगठा टेकवून पाऊल हळूहळू बाहेर वळवतात. टाचेला हात लावायचा नसतो, ती आपोआप मागे येते. नवख्या हाताची चूक नेमकी इथे होते. प्लास्टर मांडीपर्यंत असते आणि दर आठवड्याला बदलतात, एकूण पाच-सहा. शेवटी टाच खाली येत नसेल तर टाचेमागची कंडरा सुईएवढ्या छेदातून कापतात. दहांपैकी आठ-नऊ बाळांना हे लागते. ‘शीर कापणार’ हे ऐकून आजी घाबरते, पण काम काही मिनिटांचे असते आणि तीन आठवड्यांच्या प्लास्टरात कंडरा पुन्हा जुळते.

यानंतरचा भाग लांब. दोन बूट एका पट्टीला जोडलेले, वाकडा पाय ६० ते ७० अंश बाहेर वळलेला. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, मग चार-पाच वर्षांपर्यंत रात्री व दुपारच्या झोपेत. युगांडात मिखिएल स्टीनबीक यांनी बनवलेला स्वस्त बूट भारतात बराच वापरतात. पाय सरळ दिसू लागला की बूट सुटतात आणि पाऊल परत वळते. उलटण्याचे मुख्य कारण हेच.

घरी पाहण्याच्या गोष्टी : प्लास्टराबाहेर बाळाची बोटे गुलाबी व उबदार आहेत का, ती आत सरकून दिसेनाशी झाली असतील तर प्लास्टर घसरले आहे, त्याच दिवशी काढून घ्यावे. लंगोट वरचेवर बदलावा, मांडीकडची कड भिजली की आत कातडी सोलते. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा घामोळे धरून चालावे.

सोयी : धुळ्यात श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (२०१८) येथे अस्थिरोग विभाग आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथे सुरू झाला. त्यात तपासायच्या जन्मजात व्यंगांत वक्रपाद आहे. क्युअर इंडिया (आताचे अनुष्का फाउंडेशन) ही संस्था अनेक राज्यांत सरकारी रुग्णालयांसोबत याच उपचाराचे काम करते. येथील एक अडचण प्रवासाची : सासर सुरतेला, सोनोग्राफी तिकडे, बाळंतपण माहेरी अमळनेर किंवा शिंदखेड्याला, आणि सव्वा महिन्याने परत, म्हणजे प्लास्टरांच्या ऐन मध्यावर. कोणते प्लास्टर कुठे, हे सातव्या महिन्यातच ठरवावे. गर्भात निदान झाल्याचा सर्वांत मोठा उपयोग हाच.

कारणे : बहुतेकदा अज्ञात. काही घराण्यांत पुन्हा आढळतो. गर्भवतीने ग्रहणात विळी धरल्याचा याच्याशी संबंध नाही.

पुराणे : गर्भातच वाकलेल्या अष्टावक्राची कथा महाभारताच्या वनपर्वात आहे. तेथे दोष पित्याच्या शापाचा, आईचा नव्हे. समंगा नदीत स्नान करून अंग सरळ होते.

नामांकित व्यक्ती : कवी बायरनच्या पायाचे निदान वादग्रस्त; अमेरिकी फुटबॉलपटू मिया हॅम हिला वक्रपाद होता.